सव्वाअकराचा टोला

लखनौ शहरात आजवर जे काही महत्त्वाचं घडलं ते एकतर आमच्या आतोबांच्या शाळेत घडलं, नाहीतर ते घडल्याला पुरावा नाही, असं आतोबांचं स्वच्छ मत आहे. नवाब, इमामबाडे, गोमतीचे पूर हे सगळं त्यांच्या लेखी शाळेच्या कंपाउंडबाहेरचं, म्हणून दुय्यम. पाहुण्यांना शहर दाखवतो म्हणून ते मोठ्या उत्साहाने निघतात आणि शाळेच्या मागच्या फाटकापासून पुढच्या फाटकापर्यंत हिंडवून त्यांना परत आणतात. माझे सासरे पहिल्यांदा लखनौला आले तेव्हा त्यांना इमामबाड्यातला भूलभुलैया बघायची भारी हौस होती. आतोबांनी त्यांना दीड तास शाळेची प्रयोगशाळा दाखवली आणि "आता सापडते का पाहा बाहेरची वाट," असं म्हणून रसायनांच्या कपाटांमध्ये एकटं सोडून दिलं. सासरे अजूनही लखनौचं नाव काढलं की नाकाला रुमाल लावतात.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. त्यांचे वडील सरकारी नोकरीत बदली होऊन अमरावतीहून इकडे आले आणि आतोबा सहावीत ह्या शाळेत दाखल झाले. ते शिकले तिथेच, इतिहासाचे मास्तर झाले तिथेच आणि निवृत्तही तिथूनच झाले. पण निवृत्तीचा अर्थ त्यांनी 'हजेरीपटावर सही करायची नाही' एवढाच घेतला. बाकी सगळं जसंच्या तसं. रोज सकाळी महानगर नावाच्या वस्तीतल्या घरातून ते पायी निघणार, प्रार्थनेला मागच्या रांगेत उभे राहणार, नव्या मास्तरांचे उच्चार सुधारणार आणि दुपारी जेवायला घरी येणार. गळ्यात शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मरून टाय. हा टाय लावून ते कपूरथला मार्केटात सब्जी घेतात, हा टाय लावून त्यांनी अक्कलदाढ काढून घेतली. मी नोकरीसाठी नागपूरहून मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत राहायला आले त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला खीर घेऊन त्यांच्याकडे गेले, तर आतोबा बनियन आणि पायजम्यावर दाढी करत बसलेले, आणि टाय मात्र जागेवर. "अगं, शाळेचे कोणी येऊन गेले म्हणजे?" असं त्यांचं स्पष्टीकरण.

काळ मोजायची त्यांची पद्धतही सगळ्या जगापेक्षा वेगळी. इसवी सन वगैरे त्यांना पाठ आहेत, पण ते मुलांना शिकवण्यापुरते. घरात सगळा हिशेब शाळेच्या प्रिन्सिपलांवर चालतो. फ्रिज कधी घेतला? बंगाली प्रिन्सिपलसाहेबांच्या दुसऱ्या वर्षी. माझं लग्न कधी झालं? चष्मेवाले साहेब गेले आणि उंच मॅडम आल्या त्याच्या मधल्या सुट्टीत. एकदा बँकेत कुणीतरी त्यांना आत्याची जन्मतारीख विचारली. आतोबांनी थोडा विचार करून "जोशीले प्रिन्सिपल रुजू झाले त्याच्या आदल्या पावसाळ्यात," असं शांतपणे सांगितलं. त्या बिचाऱ्या क्लार्कने फॉर्मवर काय लिहिलं असेल देव जाणे.

पण ह्या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांचा 'पुरावा'. इतिहासाच्या मास्तराला पुराव्याशिवाय एक ओळ बोलायचा अधिकार नाही, हे त्यांचं तत्त्व. तत्त्व उत्तम आहे, पण ते भाजीवाल्याला लावलं की पंचाईत होते. "बाबूजी, भिंडी एकदम ताज़ी है," असं भाजीवाला म्हणायचा अवकाश, की आतोबा टाय सरळ करून विचारणार, "सबूत?" शेवटी तो भाजीवाला इतका तयार झाला, की आतोबा गल्लीच्या तोंडाशी दिसले की आधीच एक भेंडी कट्‌कन मोडून हातात धरून उभा राहायचा. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाच्या काकूंनी सहज म्हटलं, "आमचा मुलगा कधी कोणाला उलट बोलला नाही." त्यावर आतोबांनी वहीच काढली. कोणाला बोलला नाही, कोणत्या साली, प्रत्यक्ष साक्षीदार कोण? काकूंचा चेहरा असा काही झाला, की आत्याने पोह्यांची बशी त्यांच्या आणि आतोबांच्या मधे धरली आणि मोठ्या आवाजात लिंबू हवं का विचारलं. लग्न झालं ते आत्यामुळे. बाकी तो मुलगा मला गेली अठरा वर्षं रोज उलट बोलतो, म्हणजे आतोबांची शंका रास्तच होती.

आत्या म्हणायची, "ह्यांची दोन लग्नं झाली. पहिलं शाळेशी. मी दुसरी." पण हे ती तक्रारीने नाही, कौतुकाने म्हणायची. शाळेच्या एकेका परंपरेची गोष्ट तिला तोंडपाठ होती. शाळेच्या बागेतला पहिला पिकलेला दशहरी आंबा पहिल्या आलेल्या मुलाला न देता नापास झालेल्या मुलाला द्यायचा, ही एक. कारण एका जुन्या हेडमास्तरांच्या रोजनिशीत तशी नोंद आहे, 'पहिल्याला गोड लागण्यासाठी आंब्याची गरज नाही' म्हणून. दहावीच्या मुलांनी शेवटच्या दिवशी आपापला बाक धुऊन, पुसून सहावीच्या मुलाला हात धरून त्यावर बसवायचं, ही दुसरी. संस्थापकांच्या तसबिरीला हार घालायचा तो शाळेतल्या सगळ्यात जुन्या माणसाने आणि सगळ्यात नव्या मुलाने मिळून, ही तिसरी. आतोबा प्रत्येकीचा कागद काढून दाखवत. कुठल्या रजिस्टरात, कुठल्या पानावर, कुणाच्या अक्षरात. पिवळे पडलेले कागद ते असे हलक्या हाताने उलटत, की मला वाटे, ह्यांनी तान्ह्या मुलालाही इतकं जपून धरलं नसेल.

फक्त एका परंपरेबद्दल आतोबा कधी बोलत नसत, आणि गंमत म्हणजे शाळेची सगळ्यात नावाजलेली परंपरा तीच. रोज सकाळी बरोबर सव्वाअकराला शाळेची पितळी घंटा एकदाच वाजते. एकच टोला. तो पडला की शाळा उभी राहते. मुलं, मास्तर, कँटीनवाला, फाटकावरचा चौकीदार, सगळे एक मिनिट गप्प. संस्थापकांच्या स्मरणार्थ. माझी लेक त्याच शाळेत आठवीत आहे. मराठी तिला समजते, पण उत्तर हिंदीतच मिळतं. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन मला म्हणाली, "मम्मा, उस टाइम पंखे की आवाज़ भी सुनाई देती है." मी आतोबांना मोठ्या कौतुकाने म्हटलं, "ह्याचा कागद दाखवा ना." आतोबांना एकाएकी दूध उतू जात असल्याची आठवण झाली. घरात तेव्हा दूध नव्हतं.

आता शाळेचा मोठा वर्धापनदिन आला आणि शाळेचा इतिहास छापायचं ठरलं. लिहिणार अर्थात आतोबा. गेली वीस वर्षं ते तो लिहीतच होते. आत्या जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, घर रिकामं होतं, आणि आतोबांनी जेवणाचं टेबल, दिवाण, शिलाई मशीन सगळं कागदांनी भरून टाकलं. मी दर रविवारी जाऊन ते टाइप करून द्यायची. एकेक प्रकरण पुरं होत होतं. फक्त 'सव्वाअकराचा टोला' ह्या मथळ्याखाली पान कोरं.

नव्या प्रिन्सिपल मॅडम आतोबांच्याच विद्यार्थिनी. नववीत त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणाऱ्या. अतिशय अदबीने त्या घरी आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, "सर, नया टाइमटेबल बहुत टाइट है. जिस रवायत का, जिस परंपरा का किताब में सोर्स होगा, वही रखेंगे. बाक़ी बंद. ये तो आप ही ने सिखाया है." मग मान खाली घालून, "वो घंटी वाला चैप्टर, सर… सबूत के साथ, संस्थापक दिवस से पहले मिल जाए." चाळीस वर्षं जो शब्द आतोबांनी सगळ्या लखनौला ऐकवला तो त्यांच्याच दिवाणखान्यात त्यांच्यासमोर इतक्या आदराने ठेवला गेला, आणि आतोबांनी बिस्किटाची बशी मॅडमपुढे सरकवली.

पुढच्या रविवारी मी महानगरला जायच्या आधीच आतोबा माझ्या दारात हजर. मानक नगरपर्यंत दोन टेम्पो बदलून आले होते. गळ्यात टाय नव्हता. मी घाबरले. टायशिवाय आतोबांना मी फक्त आत्या गेली त्या दिवशी पाहिलं होतं.

"तुझा टायपिंगचा डबा चालू कर," ते म्हणाले. मग म्हणाले, "नको, राहू दे. आधी ऐक."

त्यांनी जे सांगितलं ते असं. आतोबांच्या नोकरीचा पहिला आठवडा. घंटा वाजवणारा चपरासी पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला, म्हणून ते काम नव्या मास्तरावर आलं. मधल्या सुट्टीची घंटा पाऊण वाजता द्यायची. आतोबांनी ऑफिसच्या काचेच्या कपाटात पाहिलं, घड्याळात पाऊण वाजलेला. ते धावत बाहेर गेले आणि पहिला टोला हाणला. हाणता हाणता ध्यानात आलं, की कपाटात दिसतं ते समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचं उलटं रूप. खरे वाजले होते सव्वाअकरा. हात तिथेच थांबला. पण तोवर सुट्टी झाली म्हणून सगळी शाळा ताडकन उठलेली. दुसरा टोला पडेना, म्हणून मुलं बाहेरही पडेनात आणि खालीही बसेनात. मुलं उभी म्हणून मास्तर उभे. सगळीकडे शांत.

"आणि तेवढ्यात प्रिन्सिपलसाहेब बाहेर आले," आतोबा म्हणाले. "चार दिवसांपूर्वीच रुजू झालेले. मला विचारलं, 'ये क्या हो रहा है?' माझी नोकरी कच्ची. तोंडातून निघून गेलं, 'जी, यहाँ की रवायत है.' ते म्हणाले, 'किसकी याद में?' समोर संस्थापकांची तसबीर होती. म्हटलं, 'इनकी.' साहेबांनी मान झुकवली, मिनिटभर उभे राहिले आणि म्हणाले, 'बहुत ख़ूब. जारी रहे.'"

"आणि कोणीच काही बोललं नाही?"

"काहून बोलतील? साहेबांना वाटलं जुनी रीत आहे, नवीन माणसाने विचारलं तर अज्ञान दिसेल. जुन्या मास्तरांना वाटलं नव्या साहेबांचा हुकूम आहे, विचारलं तर बेअदबी होईल. पोरांना काय, बीजगणितातलं एक मिनिट कमी. लखनौ आहे बेटा. इथे लोक चूक करतील, पण चौकशी करणार नाहीत."

मी हसत सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझं हसू ओसरलं तेव्हा लक्षात आलं, की आतोबा हसत नाहीयेत.

"आता सांग," ते म्हणाले. "खोटा कागद मी लिहू शकत नाही. जन्मभर पोरांच्या वह्यांवर 'आधार काय?' असं लाल शाईने लिहिलं आहे. आणि खरं लिहिलं तर टोला बंद. बंद होऊ दे म्हणायला जातो, पण म्हणवत नाही. तुझी आत्या… घंटा घरापर्यंत ऐकू यायची. सव्वाअकराला ती स्वयंपाकघरात उभी राहायची. रोज. सुट्टीचे दिवस सोडून पस्तीस वर्षं. तव्यावरची पोळी जळायची, तरी हलायची नाही. मला अभिमानाने सांगायची, 'आजही राहिले हं उभी.' आणि मी म्हणायचो, 'शाबास.' एकदाही तिला खरं सांगितलं नाही गं. सांगू सांगू म्हणता ती गेलीच."

मी चहा केला. आतोबांनी तो थंड होऊ दिला, मग माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "लिही. जसं झालं तसं." आणि त्यांनी ते प्रकरण एका दमात सांगितलं, सन, वार, कपाट, काच, सगळं. शेवटी स्वतःचं नाव पूर्ण सांगितलं आणि त्यापुढे 'चूक करणारा' असं लिहायला लावलं.

संस्थापक दिवसाला आतोबांनी टाय लावला, पण गाठ मला घालून द्यावी लागली. त्यांची दोनदा सुटली. हॉल गच्च भरलेला. हार घातला गेला, गाणी झाली, आणि पुस्तकातलं एक प्रकरण वाचायला म्हणून आतोबांना मंचावर बोलावलं. त्यांनी तेच प्रकरण काढलं. कपाटाच्या काचेपर्यंत मुलं खिदळत होती, मोठी माणसंही हसत होती. मग आतोबांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "इस रवायत का एक ही गवाह ज़िंदा है, मैं. और मेरी गवाही इसके ख़िलाफ़ है. आप सबको मैंने चालीस साल बेवजह खड़ा रखा. माफ़ी चाहता हूँ." आतोबा खुर्चीकडे परत न जाता तिथेच उभे राहिले, शिक्षा ऐकायला उभ्या राहिलेल्या मुलाने राहावं तसे. माझी लेक माझ्या कानाशी कुजबुजली, "पर मम्मा, घंटी तो सच में बजी थी ना?" मी तिला गप्प केलं. खरं तर तिला शाबासकी द्यायला हवी होती.

प्रिन्सिपल मॅडम उठल्या. मला वाटलं, आता त्या आभार मानून विषय गुंडाळतील. त्या माइकपाशी गेल्या. मग आतोबांकडे बघून म्हणाल्या, "सर, मैं नौवीं में थी जब पापा नहीं रहे. घर मेहमानों से भरा रहता था. अम्मी को संभालना था, छोटों को संभालना था. रोने की जगह नहीं थी. मुझे दिन भर में बस यही एक मिनट मिलता था. संस्थापक जी मुझे माफ़ करें, मैंने उन्हें कभी याद नहीं किया." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आपका चैप्टर पूरा छपेगा, एक लफ़्ज़ नहीं कटेगा. और घंटी टाइमटेबल में रहेगी. चूक के नाम से ही रहेगी."

टाळ्या वाजल्या का, मला आठवत नाही. वाजल्या असतील. मला एवढंच आठवतं, की मागच्या रांगेतून एक टक्कल पडलेले गृहस्थ उठून म्हणाले, "मैडम, मैं भी माँ को याद करता था," आणि त्यांच्या शेजारचा कुणी काहीतरी बोलला, आणि मग सव्वाअकरा झाले आणि बाहेर घंटेचा एक टोला पडला. सगळा हॉल उभा राहिला. संस्थापक तसबिरीतून सगळ्यांकडे बघत होते. इतक्या वर्षांत ते कुणाच्याच मनात नव्हते हे कळूनही त्यांचा चेहरा तसाच प्रसन्न होता.

मी मान खाली घालायच्या ऐवजी आतोबांकडे बघत होते. मला ठाऊक होतं, की हे मिनिट त्यांनी चाळीस वर्षं कसं काढलं. त्यांनीच त्या रविवारी सांगितलं होतं. सगळे डोळे मिटत तेव्हा हे घड्याळाकडे बघत साठपर्यंत आकडे मोजत, कारण बाकी सगळ्यांना ते मिनिट पवित्र होतं आणि ह्यांना एकट्याला माहीत होतं की त्यात काही नाही. आज मात्र त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. डोळे मिटले होते आणि ओठ हलत होते.

समारंभ संपल्यावर आम्ही तिघं पायी महानगरच्या घराकडे निघालो. लेक पुढे उड्या मारत चालली होती. मला राहवेना. मी विचारलं, "आतोबा, आजही साठ मोजत होता?"

"नाही गं," ते म्हणाले. "तुझ्या आत्याला सांगून राहिलो होतो. घड्याळ, काच, साहेब, सगळं."

आत्याची आठवण मला रोज येते, पण तिला काही सांगायची कुठली वेळ ठरलेली असावी हे मला कधी सुचलं नव्हतं. थोडं चालून गेल्यावर मी विचारलं, "मग? सांगून झालं सगळं?"

आतोबांनी टायची गाठ जरा सैल केली. "एका मिनिटात कुठं होते," ते म्हणाले. "साहेब बाहेर आले इथपर्यंतच पोचलो. बाकीचं उद्या सव्वाअकराला."